राखणीला बसवलेला पडदा

कामुर्लीहून येणारी फेरीबोट तुयेच्या धक्क्याला लागते, तेव्हा शापोरा नदीचे पाणी उतारावर कुठवर आले आहे ते पाहिल्याशिवाय कोणी पाऊल टाकत नाही. ओहोटीला शेवाळलेला, निसरडा उतार लांबच लांब उघडा पडतो आणि भरतीला तोच निम्म्याहून अधिक बुडतो. दिवसातून दोनदा. पेडण्यातले शाळकरी पोर हे चालायला लागल्यापासून पाहते.

धक्क्यापासून फार लांब नसलेल्या एका प्राथमिक शाळेत मध्यंतरी भरती-ओहोटीचा पाठ पाहिला. पाठ संगणकावर होता. निळी पृथ्वी, तिच्या दोन्ही अंगांना फुगलेले पाणी, भोवती फिरणारा गुळगुळीत चंद्र, मागे वाद्यसंगीत आणि पुण्याकडच्या शुद्ध स्वरातले निवेदन, असा सगळा सात मिनिटांचा कार्यक्रम. मुले इतकी शांत की शिक्षिकेच्या चेहऱ्यावर समाधान दिसत होते. चित्रफीत संपल्यावर मी विचारले, "आज भरती किती वाजता?" कोणी बोलेना. मागच्या रांगेतला एक मुलगा, ज्याच्या घरी तिसऱ्या काढायला नदीत उतरतात, शेवटी हळूच म्हणाला, "आज भांग. पाणी जास्त चढचा ना." पडद्याने सात मिनिटांत जे सांगितले नव्हते, ते तो एका वाक्यात सांगून बसला. चंद्र आणि सूर्य काटकोनात असले की भरती दुबळी होते, तिलाच किनाऱ्यावर भांग म्हणतात. पण त्याला आधी कोणी विचारलेच नव्हते, आणि पडद्याला विचारायची सोय नसते.

यावरून हे मासिक शैक्षणिक सॉफ्टवेअरच्या विरोधात गेले, असे कोणी समजू नये. गेली कित्येक वर्षे या पानांनी प्रत्येक नव्या यंत्राचे स्वागतच केले आहे, कधी कधी जरा घाईने. पुण्यात 1984 साली बालचित्रवाणी ही शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी संस्था सुरू झाली तेव्हा आता शिक्षण घराघरांत पोचणार असे वाटले होते. 2017 मध्ये ती बंद झाली, तेव्हा हळहळणारे थोडेच होते. गोव्यात परदेशस्थ गोवेकरांच्या पुढाकाराने अमेरिकेतले वापरलेले संगणक शाळांसाठी आणले गेले आणि त्यांवर लिनक्स चालवले गेले. विकत घ्यायचे सॉफ्टवेअर नको, दुरुस्ती आपल्याच मुलांनी शिकावी, हा त्यामागचा विचार आजही जुना झालेला नाही. मग मनोहर पर्रीकरांच्या सरकारची, विद्यार्थ्यांना संगणक देणारी सायबरएज योजना आली. आता सहावी ते आठवीला कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवणारी केअर्स योजना आहे. तिकडे सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडला आणि 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळवला. बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली. आणि तुयेच्या माळावर तर सुमारे सहा लाख चौरस मीटरवर इलेक्ट्रॉनिक सिटीच उभी करायचे ठरले आहे. मोबाइलचे सुटे भाग तिथे बनतीलही. शेजारच्या शाळेच्या संगणकाची यूपीएस मात्र पावसाळ्यात जळते ती जळतेच.

या सगळ्या यादीत आपल्याला सर्वांत जवळचा अनुभव रायगड जिल्ह्यातल्या खैराट-धनगरवाड्याचा आहे. 2007 मध्ये 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या चळवळीने भारतातला आपला पहिला प्रयोग तिथे केला. एक खोली, एक शिक्षक, पहिली ते चौथीची वीस-बावीस मुले आणि प्रत्येकाच्या हातात हिरवा-पांढरा छोटा लॅपटॉप. म्हणजे पेडणे, डिचोली, सत्तरीतल्या कितीतरी सरकारी मराठी शाळांची हुबेहूब प्रतिकृती, लॅपटॉप सोडून. त्याच चळवळीचे काम पेरू देशात फार मोठ्या प्रमाणावर झाले. तिथल्या 319 ग्रामीण शाळांचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांकडे संगणक भरपूर आले, ती ते वापरूही लागली, पण गणित आणि भाषेच्या गुणांत फरक पडला नाही. यंत्र पोचले, पण पाठ कसा घ्यायचा हे त्याबरोबर पोचले नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो.

आता आपल्या वर्गातली खरी गोष्ट. एकच शिक्षक, चार इयत्ता. पहिलीला हात धरून अक्षर गिरवायचे आहे, चौथीचा भागाकार अडला आहे, दुसरीतल्या दोघांचे भांडण लागले आहे, आणि भागशिक्षणाधिकारी कार्यालयाला दुपारपर्यंत माहिती पाठवायची आहे. अशा वेळी तिसरी-चौथीला पडद्यासमोर बसवले की वीस मिनिटे शांतता मिळते. याला मी पडदा राखणीला बसवणे म्हणतो. पेडण्यात प्रत्येक गावाला राखणदार असतो, वर्षातून एकदा त्याचा मान दिला की तो गाव सांभाळतो. शाळेतला राखणदार मात्र वीजबिल घेतो आणि मुलांचे लक्ष.

हे सांगताना माझ्या स्वरात कुचेष्टा नाही. बहुवर्ग अध्यापन हे जगातल्या अवघड कामांपैकी एक आहे, आणि ज्याने ते केले नाही त्याने पडदा लावणाऱ्या शिक्षिकेला बोल लावू नये. पण राखण करणे आणि शिकवणे यांतला फरक आपण आपल्याशी तरी लपवू नये. राखणीच्या वेळी जी चित्रफीत चालते ती न थांबता चालते. शिकवायच्या वेळी ती दर मिनिटाला थांबली पाहिजे.

हे थांबणे कशासाठी, ते कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी अनेक वर्षांच्या प्रयोगांतून दाखवले आहे. चित्र आणि आवाज दोन वेगळ्या वाटांनी मनात जातात, पण दोन्ही वाटा अरुंद आहेत. पाठ लहान तुकड्यांत दिला आणि पुढच्या तुकड्याकडे जाणे शिकणाऱ्याच्या हातात ठेवले, तर अधिक उरते. पडद्यावर जी वाक्ये लिहिली आहेत तीच मोठ्याने वाचून दाखवली, तर फायदा होण्याऐवजी तोटा होतो, कारण डोळे अक्षरांत अडकतात आणि चित्र बाजूला राहते. पाठामागचे संगीत आणि मजेदार पण असंबद्ध चित्रे हीसुद्धा ओझेच आहेत. आपल्याकडे बाजारात मिळणाऱ्या बहुतेक शैक्षणिक सीडी आणि पेन-ड्राइव्ह नेमके हेच तिन्ही गुन्हे करतात. तेव्हा एक साधी गोष्ट करून पाहावी. आवाज बंद ठेवायचा आणि निवेदन स्वतः करायचे. दशावताराचा नट हेच करतो. आख्यान ठरलेले असते, संवाद लिहिलेले नसतात, समोरच्या लोकांकडे पाहून तो वेळ लांबवतो किंवा आवरतो. पहाटे तीनला कंटाळलेला प्रेक्षक जागा ठेवणे त्याला जमते, तर दुपारी दोनची चौथी आपल्याला का जमू नये?

निवेदन आपण केले की भाषेचा प्रश्नही अर्धा सुटतो. आपल्या मुलाच्या घरात विहिरीला बांय म्हणतात आणि ओढ्याला व्हाळ. चित्रफितीतली ताई जेव्हा 'ओढ्याचे खळाळते पाणी' म्हणते, तेव्हा पेडण्यातल्या मुलाला चित्र पाहून अर्थ लावावा लागतो. म्हणजे जे चित्र शब्द समजावण्यासाठी ठेवले, तेच आता अनुवादाच्या कामाला लागते. शिक्षिकेने 'व्हाळ, म्हणजे पुस्तकातला ओढा' असे एकदा म्हटले की मूल दोन्ही शब्द घेऊन घरी जाते. काही शाळांत शिक्षक फोनवर आजी-आजोबांचा आवाज मुद्रित करून घेतात, सरद आणि वायंगण या दोन पिकांच्या गोष्टी, मानशीच्या झडपेतून खाजन शेतीत खारे पाणी घुसले त्या वर्षाची आठवण. असल्या ध्वनिफितीला कसली कंपनी लागत नाही. याला मल्टिमीडिया म्हणायला लोक लाजतात, याचे मला आश्चर्य वाटते.

मग पडद्यावर दाखवायचे काय? जे खिडकीतून दिसते ते नाही. डिचोलीच्या मुलाला लोहखनिजाचा ढीग दाखवायला चित्रफीत लागत नाही. 2012 मध्ये खाणी बंद पडल्यानंतरही ते ढीग त्याच्या वाटेवर उभे आहेत. त्याला जे कधीच दिसत नाही ते म्हणजे खाणीच्या तळाखालचे पाणी. खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की आजूबाजूच्या बांयी का आटतात, हे जमिनीचा उभा छेद दाखवणाऱ्या हलत्या चित्राशिवाय समजावणे मलाही जमलेले नाही. विजेच्या तारेतले इलेक्ट्रॉन असेच न दिसणारे. कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वायमन यांनी 2002 मध्ये सुरू केलेल्या 'फेट' प्रकल्पाच्या सिम्युलेशन मराठीतही आहेत, फुकट आहेत आणि एकदा उतरवून घेतल्या की इंटरनेटशिवाय चालतात. त्यांतल्या सर्किटच्या खेळात मूल स्वतः तार जोडते, दिवा लागत नाही, मग पुन्हा जोडते. चित्रफितीत दिवा नेहमीच लागतो. कोणी चुकत नाही, म्हणून कोणी शिकतही नाही.

आणखी एक उदाहरण, जे मला स्वतःला फार आवडते. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मध्ये सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो आणि त्या मध्यान्हीला उभ्या काठीची सावली पडत नाही. तुये साधारण 15.7 उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे इथे हे दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास येतात. पहिला दिवस सुट्टीत जातो, दुसरा ढगांत. पेडण्यातल्या प्राथमिक शाळेला शून्य सावली पुस्तकाबाहेर पाहायची सोयच नाही! इथे पडद्याला त्याचा मान द्यावा. 'स्टेलॅरियम' हे मोफत सॉफ्टवेअर उघडावे, गावाचे अक्षांश-रेखांश घालावेत, वातावरण बंद करावे आणि ढगांच्या वरचा सूर्य मुलांना पाहू द्यावा. बाहेर पाऊस कोसळत असताना.

त्याच सॉफ्टवेअरवर भरतीचा पाठ कसा होऊ शकतो, ते दुसऱ्या एका शाळेत पाहिले, आणि हे संपादकीय खरे तर त्यासाठीच लिहायला घेतले. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळेल. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वा अकरा. सरांनी मुलांना आधी हे घरी विचारून यायला सांगितले. मग दोन आठवडे धक्क्याच्या कठड्यावर खडूच्या खुणा झाल्या. तोवर पडदा बंद होता. दोन आठवड्यांनी स्टेलॅरियम उघडले, रोजचा चंद्रोदय वहीत उतरवला, आणि चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा येतो हे मुलांनीच काढले. एकीला वाटले की पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटे, मग आजोबांचा हिशेब चुकला काय? चुकला नव्हता, थोडा आखूड होता. तीस तिथ्यांत चंद्र चोवीस तास मागे पडतो, म्हणजे तिथीमागे अठ्ठेचाळीस मिनिटे. तीन-तीन मिनिटे पंधरा दिवस साठली की पौर्णिमेपर्यंत पाऊण तासाची तूट येते. चौथीच्या मुलांनी ही वजाबाकी फळ्यावर केली, पडद्यावर नाही. नदीत आत आत येताना भरतीला वेळ लागतो आणि म्हणून धक्क्यावरची खूण दोन्ही हिशेबांपेक्षा वेगळी निघाली, तो प्रश्न अजून वहीत तसाच आहे.

पौर्णिमेच्या संध्याकाळी मुलांना घरून चंद्रोदय पाहून वेळ लिहायला सांगितले होते. दुसऱ्या दिवशी वह्या तपासताना डोंगराच्या पायथ्याच्या वाड्यावरच्या तिघांची वेळ पडद्यावरच्या वेळेपेक्षा बरीच उशिराची निघाली. सरांना वाटले, मुलांनी आळस केला. त्यांतली एक मुलगी उठून संगणकापाशी गेली, पडद्यावरच्या सपाट क्षितिजावर बोट ठेवले आणि म्हणाली, "सर, हेच्यात आमचो डोंगर ना."

स्टेलॅरियममध्ये आपल्या गावच्या क्षितिजाचे छायाचित्र घालता येते. सरांनी वाड्यावर जाऊन फोटो काढले आहेत, पण ते एकमेकांना जोडायचे कसे हे अजून जमलेले नाही. शिमग्याची सुट्टी संपली की बसू, असे म्हणत होते.