तेजीच्या भावाने बांधलेला हप्ता

पुण्याच्या मंडईतल्या गाळ्यांवर रोजची पिग्मी गोळा करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. बटाटेवाला वीस रुपये द्यायचा, लिंबू-मिरचीवाली मावशी पाच. पावसाची झड लागली की दोघंही म्हणायची, "आज भवानीच झाली नाही, उद्या बघू." त्याला दंड नव्हता. पुस्तकात त्या तारखेचा रकाना कोरा राहायचा, एवढंच.

आता गाळ्यागाळ्यावर पैसे जमा झाल्याचं मोठ्यानं सांगणारा डबा बसलाय. त्याच्यामागची कंपनी गेल्या काही महिन्यांचा गल्ला पाहून मोबाइलवरच कर्ज देऊ करते आणि हप्ता रोजच्या जमेतून परस्पर वळता करून घेते. पिग्मीच ही, फक्त उलटी. भाजीवाल्याला कर्ज मिळतंय याचं मला वाईट वाटत नाही. बँकेत त्याला कधी कुणी बस म्हटलं नव्हतं, आणि सकाळी नऊशे हातात टेकवून संध्याकाळी हजार वसूल करणारे मी डोळ्यांनी पाहिलेत. माझा प्रश्न एवढाच, की हप्ता ठरवताना महिने कुठले धरले? श्रावण ते दिवाळी धरली असेल, तर ते मंडईचे सुगीचे दिवस. उपासतापास, गणपती, पितृपंधरवड्यातली गवार-कारली-भोपळा, नवरात्र, फराळ. पण थंडी पडली की कोबी-फ्लॉवरचे ढीग लागतात आणि संध्याकाळी मेथीची जुडी ओरडून ओरडून मातीमोल भावात काढावी लागते. माणसं तीच, राबणं तेच, गल्ला मात्र उतरलेला.

चार भाजीवाल्यांच्या हप्त्यावर एवढं काय लिहायचं, असं कुणाला वाटेल. पण आपल्याच जिल्ह्यानं हा प्रकार एकदा फार मोठ्या आकारात भोगलाय.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तोवर इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला तीन चतुर्थांशाच्या आसपास माल अमेरिकेतून यायचा. तो अडला आणि मँचेस्टरवाल्यांना मुंबई इलाख्याची आठवण झाली. मुंबईचा बडा व्यापारी शहरातल्या सावकाराला उचल देऊ लागला, तो गावच्या सावकाराला, तो कुळाला. कापूस लावतोस? घे एकरी शंभर रुपये. पुणे जिल्ह्यात कापूस नगर-खानदेशाइतका नव्हता. पण इथं रेल्वेची कामं निघाली होती, बोरघाटाची चढण १८६३ मध्ये पुरी झाली, मजुरी वाढली, गाडीबैलाला भाडं मिळू लागलं, धान्याचे भाव चढले. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापासून साधारण दहा वर्षं देशावरच्या कुणब्याच्या हातात कधी नव्हे तो रोकडा खुळखुळला.

मुंबईत काय झालं ते बहुतेकांना ठाऊक आहे. शेअरदलाल प्रेमचंद रायचंद, बॅकबेच्या भरावाची कंपनी, पाच हजाराच्या शेअरवर पन्नास हजारांपर्यंत चढलेला अधिमूल्याचा भाव. जानेवारी १८६५ मध्ये मुंबईत म्हणे ३१ बँका होत्या. एप्रिलात अमेरिकेत दक्षिणेच्या जनरल लीनं शस्त्रं ठेवली, कापूस कोसळला आणि १ जुलैला वायद्यांचे पैसे चुकते करायची वेळ आली तेव्हा अर्धी मुंबई दिवाळखोर निघाली. पुढं खुद्द बँक ऑफ बॉम्बेही गुंडाळावी लागली. पण मुंबई सावरली. बंदर होतं, रेल्वे होती, मग गिरण्या आल्या; प्रेमचंदांच्या देणगीतून राजाबाई टॉवरही उभा राहिला. देशावर टॉवर नव्हते. तिथं कागद उरले.

त्यातला एक कागद सरकारी होता, आणि माझा राग त्याच्यावर जास्त आहे. इंदापूर तालुक्याची जमाबंदी १८३६ च्या सुमारास तीस वर्षांसाठी झाली होती. ती मुदत भरली नेमकी १८६६-६७ मध्ये. फेरपाहणीला आलेल्या साहेबांनी मागच्या काही वर्षांचे चढे भाव पाहिले, रेल्वे पाहिली, गावात वाढलेल्या गाड्या आणि बैल मोजले आणि इंदापूरचा सारा निम्म्याहून अधिक वाढवून ठेवला. शेजारच्या तालुक्यांतही तोच कित्ता गिरवला. चार-पाच बऱ्या वर्षांवरून पुढच्या तीस वर्षांचा आकडा! १८७० नंतर धान्याचे भाव उतरले, बांधकामं आटोपली, मजुरी घटली. सारा होता तिथंच राहिला. ओरड फार झाली तेव्हा १८७४ मध्ये सरकारनं वाढीला मर्यादा घातली: तालुक्याला ३३ टक्के, एका गावाला ६६ आणि एका खातेदाराला १००. म्हणजे मर्यादा घातल्यावरसुद्धा एखाद्या कुणब्याचा सारा दुप्पट होऊ शकत होता.

दुसरा कागद सावकाराचा. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जरोख्याचं आयुष्य तीन वर्षांवर आणलं. हेतू चांगला होता, व्याज साचू नये असा. झालं उलटंच. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेई, थकलेलं व्याज मुद्दलात चढवी आणि खाली कुळाचा अंगठा. तेजीत याचं कुणाला काही वाटलं नाही, कारण उचल पुन्हा मिळत होती. मुंबईनं हात आखडल्यावर वरचा सावकार खालच्याला तगादा लावू लागला आणि तो कुळाच्या दारात उभा राहिला. तारखेला हजर न राहिलेल्या कुळांवर एकतर्फी हुकूमनामे निघाले, मग जप्त्या. सावकाराला राक्षस ठरवणं सोपं आहे. पण तो साखळीतली शेवटून दुसरी कडी होता.

१२ मे १८७५. सुप्याचा बाजारचा दिवस. सुपे आता बारामती तालुक्यात येतं, तेव्हा भीमथडीत होतं. (पुणेकरांना भीमथडी म्हटलं की डिसेंबरातली जत्रा आणि मटण-भाकरी आठवते, त्याला इलाज नाही.) बाजाराला जमलेल्या लोकांनी सावकारांची दुकानं फोडली. ते शोधत होते रोखे आणि खातेवह्या. जिथं सावकारानं ते काढून दिले तिथं बहुधा त्याला हातही लागला नाही. त्याआधी शिरूर तालुक्यातल्या करड्यात गावानं सावकारांवर बहिष्कार घातला होता, न्हावी दाढी करीना आणि पाणी कुणी भरीना. दंगा पुण्याच्या चार-पाच तालुक्यांत आणि नगरच्या पारनेर, श्रीगोंद्यापर्यंत गेला. ९५१ माणसं पकडली, ५०१ जणांना शिक्षा झाल्या.

तेव्हाही शहाणे म्हणत होते, कुणबी लग्नात पैसा उधळतो म्हणून बुडतो. चौकशीला बसलेल्या आयोगानं मात्र लग्नखर्चाचा बाऊ वाजवीपेक्षा जास्त केला जातो, असाच निर्वाळा दिला. पुढं १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला आणि रोख्यावरच्या आकड्यामागं जाऊन मूळ व्यवहार तपासायची मुभा न्यायालयाला मिळाली. पण मधे १८७६ ते ७८ चा दुष्काळ येऊन गेला होता. तोवर कितीतरी जण ते तपासून घ्यायला उरले नव्हते.

हे सगळं ज्यानं जवळून पाहिलं आणि १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये मांडलं, त्याच माणसाचं नाव आज या मंडईला आहे. जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत या बाजाराच्या खर्चाला विरोध केला होता, हा पैसा शिक्षणाला लावा म्हणून. इमारत झालीच. १८८६ मध्ये गव्हर्नराच्या नावानं रे मार्केट म्हणून ती उघडली, आणि पुढं आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं ती फुल्यांची झाली. अष्टकोनी मनोऱ्याखाली रोज हजारो पिशव्या भरतात, त्या भरणाऱ्यांतल्या कितीजणांना हे माहीत असेल?

हायमन मिन्स्की नावाच्या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं हीच गोष्ट विसाव्या शतकात शास्त्र म्हणून मांडली. दिवस बरे जाऊ लागले की देणारा सैल होतो, घेणारा धीट होतो, आणि मोडायची तयारी तिथंच सुरू होते. जगभर त्याचं नाव घेतात. मला तो वाचताना इंदापूर दिसत होतं. हिंजवडीत पगार चढा असताना नवराबायको दोघांच्या कमाईवर वीस वर्षांचं गृहकर्ज बांधणारी जोडपीही दिसत होती. पगार तीन महिन्यांच्या नोटिशीवर असतो आणि हप्ता दोनशे चाळीस महिन्यांचा. यात त्यांना कुणी फसवलेलं नाही. सगळ्यांनी खरे आकडे दाखवले; ते आकडे फक्त बऱ्या वर्षांचे होते.

तेव्हा नियम करायचाच, तर मला साधा हवा. छोट्या व्यापाऱ्याचं कर्ज ठरवताना सणासुदीचे महिने बाजूला ठेवून सगळ्यात पडत्या तीन महिन्यांचा गल्ला धरावा. कर्ज लहान मिळेल, मिळू दे. रोजची वळती ठरावीक रकमेत न ठेवता जमेच्या ठरावीक हिश्शात ठेवावी. काही कंपन्या आजही तसं करतात, ते सगळ्यांना सक्तीचं करावं. ज्या दिवशी काहीच जमा नाही, त्या दिवशी काही कापू नये आणि दंडही लावू नये. यावर कंपन्यांचं उत्तर मला ठाऊक आहे: एवढा हिशेब कुठं ठेवत बसणार? १८६७ च्या साहेबानं असं म्हटलं असतं तर चाललं असतं. त्याला इंदापूरच्या कुणब्याचं आजचं उत्पन्न कळायची सोय नव्हती. गाळ्यावरच्या डब्याला सकाळी साडेसातला गेलेली कोथिंबिरीची जुडीसुद्धा माहीत असते.