शब्दबोध : मुहपत्ती

सामायिकास बसताना आसनाच्या जोडीने मुहपत्ती जवळ असते. शब्द नित्याचा, म्हणूनच त्याच्या अर्थाकडे सहसा लक्ष जात नाही.

आगमांत या शब्दाचे प्राकृत रूप ‘मुहपोत्तिया’ असे येते. संस्कृत ग्रंथकार त्यालाच ‘मुखवस्त्रिका’ म्हणतात. संस्कृतातील ‘ख’चा प्राकृतात ‘ह’ होतो, म्हणून ‘मुख’चे ‘मुह’ झाले. ‘लिख्’ या धातूपासून मराठीतील ‘लिहिणे’ आले ते याच वाटेने. ‘पोत्त’ म्हणजे वस्त्र. ‘पत्ती’ ऐकून अनेकांना ‘पट्टी’ आठवते. परंतु मूळ शब्द बांधण्याविषयी वा हाती धरण्याविषयी काहीच सांगत नाही. मुखासाठीचे वस्त्र, एवढाच त्याचा अर्थ. स्थानकवासी व तेरापंथी साधु-साध्वी ती दोऱ्याने मुखावर बांधतात, मूर्तिपूजक साधु-साध्वी बोलताना मुखापुढे धरतात. नाव मात्र एकच राहिले आहे. दिगंबर मुनींच्या पिंछी-कमंडलूंसोबत ती नसते.

विपाकसूत्राच्या पहिल्या अध्ययनात हा शब्द एका विलक्षण प्रसंगी येतो. मृगाराणी आपल्या दुर्दैवी पुत्राचे भूमिगृह उघडण्यापूर्वी चार पदरी वस्त्राने स्वतःचे मुख झाकते आणि गौतमस्वामींनाही मुहपत्तीने मुख बांधण्याची विनंती करते. आतील असह्य दुर्गंधी हे त्याचे कारण. या स्थळाचा अर्थ परंपरांनी वेगवेगळा लावला आहे. येथे वस्त्राचा उपयोग धारण करणाऱ्याच्या रक्षणासाठी आहे, हे खरे.

परंतु मुनिचर्येत मुहपत्तीचे प्रयोजन याच्या उलट दिशेचे आहे. उघड्या मुखाने बोलताना उष्ण श्वासाने वायुकायाच्या जीवांची विराधना होते, उडते सूक्ष्म जीव मुखात येतात, शास्त्रावर थुंकी उडून आशातना घडते. भगवतीसूत्रात शक्रेंद्राविषयीच्या प्रश्नोत्तरात मुख झाकून बोललेली वाणी निरवद्य व उघड्या मुखाने बोललेली सावद्य म्हटली आहे. रक्षण करायचे ते इतरांचे, आणि तेही आपल्यापासून.

2020च्या महामारीत ‘आपल्या साधूंनी मास्क कधीच शोधून काढला होता’ असे अभिमानाने म्हटले गेले. कापड सारखे दिसले, तरी आपण मास्क लावला तो प्रामुख्याने स्वतःच्या जिवाच्या भीतीने. साम्य शोधायचेच तर ते शस्त्रक्रियागृहात सापडते. 1897 साली ब्रेस्लाऊ येथील शल्यचिकित्सक मिकुलिच यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी मुखावर जाळीदार कापड बांधण्यास आरंभ केला, तो आपल्या तोंडातील तुषार रुग्णाच्या जखमेवर पडू नयेत म्हणून. मुहपत्तीचा भाव तेथे अधिक जवळचा आहे.

मुलांना मुहपत्तीचा अर्थ सांगताना हा भेद अवश्य सांगावा. ‘जंतू आत जाऊ नयेत म्हणून’ एवढ्यावर भागवले, तर अहिंसेचे उपकरण केवळ आरोग्याचे साधन होऊन बसते.

मुहपत्तीचे पडिलेहण करताना पन्नास बोल चिंतिले जातात; त्यांत वचनगुप्तीही आहे. एक वीत चार अंगुळांचे ते वस्त्र सामायिक पारल्यावर घडी घालून ठेवले जाते आणि आपण पेढीवर जातो. तेथे गिऱ्हाइकाशी, उधारी थकलेल्या माणसाशी, हाताखालच्या नोकराशी बोलताना मुखापुढे वस्त्र नसते. तेथे भाषासमिती हीच आपली मुहपत्ती.