अंग दुखतं, ते खोटं नाही

बाईचं अंग दुखणं याला आपल्याकडे आजार म्हणत नाहीत. तपासणीत काही निघालं नाही, की ‘मनाचं आहे’ म्हणून बोळवण होते. फायब्रोमायल्जिया असाच आजार : महिनोन्‌महिने सर्वांग दुखतं, थकवा जात नाही, झोपूनही हुशारी वाटत नाही. कारण पुरतं उलगडलेलं नाही. पण मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेची जाणीव वाढवतात असं दिसतं. आनुवंशिकता, ताण, इजा, संसर्ग यांचाही वाटा असू शकतो.

भामरागडच्या बाईला मात्र लगेच हे नाव चिकटवू नये. इथे सिकलसेल, रक्तक्षय, मलेरिया आहे. ते आधी तपासायला हवं. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत राणी आणि अभय बंग यांनी ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के जणींना स्त्रीरोग निघाले; आधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के.

म्हणून मैत्रिणींनो, मागणी दुहेरी हवी. तपासणी गावाजवळ व्हावी, आणि काही सापडलं नाही तरी दुखणं खरं मानावं. या आजारात झेपेल तसा व्यायाम आणि पुरेशी झोप उपयोगी पडते. पण मोळी वाहणाऱ्या बाईला विश्रांती सांगताना तिची कामं कोण वाटून घेणार, हेही घरात विचारायला हवं.