बापाचे बारसे

वडीगोद्रीत काय किंवा अंबड तालुक्यातल्या इतर गावांत काय, बारशाचा पाळणा बायकांच्या घोळक्यात असतो. आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करते, तिच्या पाठीत धपाटे बसतात, घुगऱ्या वाटल्या जातात. बाप मात्र मांडवाबाहेर खुर्च्या लावत असतो. डोहाळजेवण बायकांचे, पहिले बाळंतपण माहेरी, पाचवी आणि सटवीची पूजाही बायकांचीच. त्याच्या वाट्याला उरले ते मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर जिलेबी वाटणे.

परंपराच तशी, हे म्हणणे मात्र अर्धेच खरे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यांनी 1790 च्या सुमारास लिहिलेल्या ‘धर्मसिंधू’त गर्भिणीच्या पतीलाही नियम घातले आहेत: क्षौर करू नये, झाड तोडू नये, प्रेत वाहू नये, परदेशी जाऊ नये. जातकर्मात बाळाचे मुख पाहून स्नान करायचे ते बापाने आणि नामकरणात कानात नाव सांगायचे तेही बापानेच. हे विधी वरच्या वर्णांचे आणि मुलग्याकडे झुकलेले होते. पण बाप नुसता होत नाही, त्याला बाप व्हावे लागते, एवढे शास्त्रकारांना कळत होते. दक्षिण अमेरिकेतल्या काही आदिवासी जमातींत तर बाळ जन्मले की बापच पथ्य पाळून झोळीत पडून राहतो.

आज आमच्याकडे उसाच्या फडात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बायको दिवसांत असली तरी आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत कोयता थांबत नाही. परदेशी जाऊ नये, हा जुना नियम या बापाला परवडणार कसा? नोकरदारांचीही तऱ्हा फार वेगळी नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला जेमतेम 15 दिवसांची पितृत्व रजा आहे. मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीने मातृत्व रजा 26 आठवड्यांची झाली, ती योग्यच; पण त्या कायद्यात बापासाठी एक दिवसही नव्हता.

कायदा बदलायचा तेव्हा बदलेल. बारसे तर आपल्याच घरचे आहे. आत्याचा मान राखा, पण बापालाही पाळण्यापाशी बसवा. बाळाच्या कानात नाव त्यालाही सांगू द्या आणि लसीकरणाचे कार्ड त्याच्या हाती ठेवा. दीड महिन्याच्या लसीला बाळाला मीच नेईन, एवढे त्याच्याकडून चारचौघांत वदवून घ्या.