वाटप नव्हे, वस्त्रे

डहाणू आणि तलासरी या तालुक्यांसंबंधीच्या बातम्यांत 'वनपट्ट्यांचे वाटप' हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे, की त्यात खटकण्याजोगे काही आहे हे चटकन ध्यानातही येत नाही. वाटप शिध्याचे होते, वह्यांचे होते, पूरग्रस्तांना चादरींचे होते. वाटणाऱ्याच्या मालकीचे काहीतरी असावे आणि घेणाऱ्याने हात पुढे करावा, असे चित्र या शब्दात आहे. ज्या कायद्याच्या आधारे हे पट्टे दिले जातात, त्या २००६ च्या वनहक्क कायद्यात मात्र ते चित्र नाही. त्याच्या मूळ इंग्रजी पाठात दोन क्रियापदे जोडीने येतात, 'रेकग्नाइज' आणि 'व्हेस्ट'. पहिल्यासाठी 'मान्य करणे' हा सरळ मराठी शब्द आहे आणि तो कायद्याच्या मराठी नावातही आला आहे. दुसऱ्याची बोळवण आपण 'निहित करणे' या कोशातल्या शब्दावर करतो आणि तेही विसरून वाटपाकडे वळतो. या विसरण्याची किंमत केवळ भाषेला मोजावी लागत नाही, असे आम्हांस वाटते.

'व्हेस्ट' हे क्रियापद वस्त्र या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले. आपला 'वस्त्र' हा शब्दही त्याच प्राचीन धातूच्या कुळातला. अधिकार देणे म्हणजे अधिकाराचे वस्त्र अंगावर चढवणे, ही कल्पना मराठीला परकी नाही. शाहू महाराजांनी १७२० मध्ये बाजीरावास पेशवाईची वस्त्रे दिली, असेच आपण म्हणतो. इंग्रजी क्रियापदाची वाक्यरचनाही पाहण्याजोगी आहे. आपल्याकडे 'अमुक अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे व्हेस्टेड विथ आहेत' अशा थाटाचे इंग्रजी सर्रास लिहिले जाते. रूढ नियम असा, की 'विथ'नंतर अधिकाराचे नाव येते आणि 'इन'नंतर माणसाचे. हक्क माणसाच्या हातात ठेवला जात नाही, तो त्याच्या ठायी वसतो. म्हणूनच १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात निहित हितसंबंध आणि एखाद्या अनिश्चित घटनेवर अवलंबून असलेला हितसंबंध यांत स्पष्ट भेद केला आहे. हितसंबंध निहित झाला, की ताबा मिळण्यापूर्वी माणूस वारला तरी तो नष्ट होत नाही.

हे क्रियापद या प्रदेशाला २००६ मध्ये प्रथमच भेटले असे नाही. महाराष्ट्राच्या १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्यातही ते आहे. ३० ऑगस्ट १९७५ या नेमलेल्या दिवशी राज्यातील खाजगी वने, कायद्याने वगळलेली जमीन सोडून, सर्व बोजांपासून मुक्त अशी राज्य शासनाच्या ठायी निहित झाली. त्यासाठी शासनाने कोणाकडे अर्ज केला नाही, पुरावे जोडले नाहीत, समितीपुढे उभे राहावे लागले नाही. क्रियापद उच्चारले गेले आणि कृती झाली. जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाच्या मरणोत्तर, १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांमुळे अशा क्रियापदांची ओळख साहित्याच्या विद्यार्थ्यांना असतेच. 'सभा बरखास्त करतो' या वाक्याने सभेचे वर्णन होत नाही, सभा बरखास्त होते.

२००६ च्या कायद्याच्या चौथ्या कलमातही तेच व्याकरण आहे. केंद्र शासन 'याद्वारे' हक्क मान्य करते आणि निहित करते, असे तेथे म्हटले आहे. पुढे करील असे नाही, पात्र ठरल्यास करता येईल असेही नाही. प्रत्यक्षात मात्र वारली कुटुंबाला दावा दाखल करावा लागतो. वनहक्क समिती, ग्रामसभा, उपविभागीय समिती, जिल्हा समिती अशा पायऱ्या चढाव्या लागतात आणि १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा सिद्ध करावा लागतो. क्रियापद एकच, पण शासन कर्ता-धर्ता आणि लाभधारकही असताना ते क्षणात फळते, आणि लाभधारक आदिवासी असला की त्याला वर्षे लागतात.

यावर कोणी म्हणेल, की पडताळणी नको काय? खोटे दावे येणारच. पडताळणी हवी, याबद्दल आमचा वाद नाही. गावातील वडीलधाऱ्यांची लिहून घेतलेली जबानीदेखील पुरावा म्हणून चालते, अशी तरतूद नियमांत आहे ती त्यासाठीच. पण पडताळणारा अधिकारी साक्षीदार असतो, दाता नव्हे. 'वाटप' हा शब्द त्याला नकळत दाता करतो. दात्याला विलंब शोभतो, कपात शोभते, समारंभ तर शोभतोच. चार एकर कसणाऱ्याच्या नावे एक एकराचा पट्टा निघाला, तर वाटपाच्या भाषेत त्याला एक एकर मिळाली. मान्यतेच्या भाषेत त्याची तीन एकर नाकारली गेली. हा फरक शब्दांपुरता आहे, असे कोण म्हणेल?

दुसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे. वस्त्रेही वरूनच दिली जातात, मग त्यात आणि वाटपात भेद काय? भेद जोडीतल्या पहिल्या क्रियापदात आहे. आधी ओळखायचे, मग पांघरायचे. १९४५ मध्ये झरी गावी वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगारीला नकार दिला गेला, तेव्हाही हे लोक याच मातीत राबत होते. नव्हती ती कायद्याची नोंद. कायद्याची उद्देशिकाही जुन्या अन्यायाची कबुली देते आणि अन्यायाची भरपाई ही खैरात नसते.

म्हणून आमची विनंती पत्रकारांना आहे, तशीच भाषेच्या अध्यापकांनाही. 'वनहक्क मान्य झाले' हे तीन शब्द सोपे आहेत आणि खरेही आहेत. वर्गात 'व्हेस्ट' शिकवताना मुलांना पेशवाईची वस्त्रे जरूर सांगावीत. मात्र त्यानंतर तलासरीतल्या एखाद्या दाव्याची प्रत फळ्यावर लिहून, त्यात हा हक्क कोणाच्या ठायी आहे, हेही विचारावे.