भूल आधी की सुरी आधी?

बेल्जियमच्या निकालावर आपल्या मंडळींत अजून वाद चालतो, म्हणून लिहिते. फ्लांडर्समध्ये 1 जानेवारी 2019 पासून जनावर आधी बेशुद्ध केल्याशिवाय कापता येत नाही. युरोपियन युनियनच्या कोर्टाने डिसेंबर 2020 मध्ये आणि स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार कोर्टाने फेब्रुवारी 2024 मध्ये हा कायदा उचलून धरला. धार्मिक कत्तलीसाठी सवलत अशी, की बेशुद्ध करताना जनावर त्यानेच मरणार नाही असं पाहायचं. बहुतेक रब्बींना हेही चालत नाही. सुरी फिरताना जनावर धडधाकट असलं पाहिजे.

मी नर्स, जनावरांची डॉक्टर नव्हे. पण रक्त कुठून कुठे जातं ते कळतं. मेंढी-बकऱ्याच्या मेंदूला रक्त मुख्यतः गळ्यातल्या मोठ्या धमन्यांतूनच मिळतं. त्या कापल्या की काही सेकंदांत शुद्ध जाते. कोकणात आपले हजान बकरा कापायचे, तो यातलाच. गाईबैलाचं वेगळं. मानेच्या मणक्यांतून जाणारी धमनी शाबूत राहते, कापलेल्या धमनीचं तोंड कधीकधी मिटतं, आणि एखादं जनावर मिनिटभरसुद्धा शुद्धीवर राहतं. "सुरी धारदार असते" एवढं उत्तर इथे पुरत नाही, बरं का!

बोल्ट पिस्तुलाचा नेमही चुकतो, हे बंदीवाले सहसा बोलत नाहीत.

ऑस्ट्रियात सुरी फिरल्यावर लगेच बेशुद्ध करतात. तोवर शेहिता झालेली असते. गाईबैलांपुरता तरी हा मार्ग आपल्या रब्बींनी मोकळ्या मनाने तपासावा, असं मला वाटतं.

फ्लांडर्समध्ये बाहेरून आणलेलं कोशेर मांस विकायला मात्र बंदी नाही. म्हणजे तोच बैल हद्दीपलीकडे कापला तर चालतो.