ती यादी फाडून टाकू या

आपल्या समाजातले मूल सैन्यातून सुटले, चार महिने कुठे तरी काम करून पैसे गाठीला लावले आणि पाठीवर पिशवी टाकून 'होदू'ला निघाले, की घरोघरी एक कागद लिहिला जातो. नळाचे पाणी पिऊ नकोस. उघड्यावरचे खाऊ नकोस. कोणाच्या घरी जेवू नकोस. कोणी काही दिले तर घेऊ नकोस. कोणावर विश्वास ठेवू नकोस. बिस्किटे आणि टुनाचे डबे इथूनच ने. कागदाच्या खाली आजीची सही असते आणि त्या सहीखाली, न लिहिलेले, आणखी एक वाक्य असते : तो देश घाणेरडा आहे, सांभाळून राहा.

वाचकहो, ही यादी आम्हीही लिहिली. आयुष्यभर परिचारिकेचे काम केल्यामुळे जरा ऐटीतच लिहिली, प्रत्येक सूचनेला अनुक्रमांक देऊन. त्या यादीचे काय झाले ते आधी सांगतो, म्हणजे पुढचा राग कोणावर आहे ते समजेल.

आमची नात अलिबागेजवळच्या आमच्या गावी गेली. शेजारच्या काकू, वय ऐंशीच्या घरातले, आमच्या आईची मैत्रीण. आम्ही फोनवर कळवले होते, म्हणून त्यांनी सकाळपासून चूल पेटवली. तांदळाच्या भाकऱ्या केल्या, नारळाच्या रसातले पापलेटचे कालवण केले. शनिवारतेल्यांची पोर येणार म्हणून त्या दिवशी घरात कोळंबी आणू दिली नाही, आणि कालवणासाठी कोरे पातेले काढले. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. आमच्या आईच्या शेजारी उभा जन्म काढला, त्यातून माहीत होते. नात दारात आली. काकूंनी पाण्याचा पेला पुढे केला. नातीने मान हलवून 'नको' म्हटले. ताट वाढले, तेही 'नको'. पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढून ती ओटीवर बसली.

रात्री काकूंचा फोन आला. तक्रार नव्हती. एवढेच विचारले, "पोरी, तुझ्या नातीला आमचं पाणी चालत नाही का गं?" आम्हांला उत्तर सुचले नाही. मुलीचा दोष नव्हता. तिने आजीचा कागद अक्षरशः पाळला होता.

आता कोणी म्हणेल, तुम्ही परिचारिका असून जंतूंना भ्यायचे नाही असे सांगता? मुळीच नाही. आम्ही सांगतो ते हे की, ही यादी वैद्यक म्हणूनही खोटी आहे. चुलीवरून उतरलेले वाफाळते कालवण आणि गरम भाकरी यांसारखे निर्धोक जेवण प्रवाशाला दुसरे नाही. उकळलेला चहा निर्धोक. घात करतो तो बर्फ, चिरून ठेवलेले फळ, कच्ची कोशिंबीर आणि उघडे राहून निवलेले अन्न. आमची नात आजारी पडली ती काकूंच्या घरी नव्हे. गोव्यात, इस्राएली पोरांनी भरलेल्या एका खानावळीत, हिब्रूत लिहिलेली यादी पाहून मागवलेल्या कोशिंबिरीने आणि बर्फ घातलेल्या रसाने. तिथे तिला भीती वाटली नाही, कारण तिथले सगळे 'आपल्यासारखे' होते. म्हणजे आमच्या यादीने तिला जंतूंना भ्यायला शिकवलेच नाही, माणसांना भ्यायला शिकवले.

खरी सूचना द्यायची तर ती अशी द्या. जुलाब लागले तर एक लिटर उकळून निवलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून, आणि घोट घोट पीत राहा. रक्त पडले किंवा ताप चढला तर डॉक्टर गाठा. कुत्रे किंवा माकड चावले, नुसते ओरखडले तरी, साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुवा आणि त्याच दिवशी लसीसाठी दवाखान्यात जा. उद्यावर टाकू नका, कारण हा रोग एकदा उमटला की औषध राहत नाही. डासांपासून अंग झाका. परत आल्यावर काही महिन्यांनीसुद्धा ताप आला तर डॉक्टरला पहिले वाक्य 'मी भारतात होतो' हे सांगा. मलेरिया उशिराही वर येतो. भाड्याची स्कूटर घेतली तर हेल्मेट घाला. या वयाच्या पोरांना पाण्यापेक्षा रस्त्याचे भय अधिक. आणि डोंगरात कोणी चरस पुढे केला तर त्या ठिकाणी मात्र खुशाल 'नको' म्हणा. 1985 चा अमली पदार्थांचा कायदा कडक आहे, त्यात जामीन मिळणे कठीण. गंमत पाहा, ज्या यादीत काकूंच्या पाण्याला बंदी, तिच्यात या गोष्टीचा शब्द नसतो.

रीतीभातीचेही तसेच. आपण पोरांना इथला सरळपणा शिकवला, हे चांगलेच केले. पण कोकणातल्या ओटीवर फटकन् 'नको' म्हणणे म्हणजे सरळपणा नव्हे, दार लोटणे होय. पाणी प्यायचे नसेल तर पेला दोन्ही हातांनी घ्यावा, कपाळाशी नेऊन खाली ठेवावा आणि म्हणावे, "काकू, चहा चालेल." एवढ्या एका वाक्याने पोट सांभाळले जाते आणि मानही. उंबऱ्याबाहेर जोडे काढावेत. देणे-घेणे उजव्या हाताने करावे. वडीलधाऱ्यांना 'अहो' म्हणावे. भाजीवालीशी दहा रुपयांसाठी अर्धा तास हुज्जत घालून तिला 'अनुभव' म्हणू नये. फोटो काढण्याआधी विचारावे. सिनेगॉगमध्ये जायचे तर आधी कळवावे आणि पासपोर्ट जवळ ठेवावा. 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर पहारे कडक आहेत, त्यात अपमान मानू नये.

पण आमचा खरा राग याहून खोल आहे. आपली मुले गोवा पाहतात, मनाली पाहतात, आणि मुंबईला उतरून तशीच पुढे जातात. मांडवीतले 1796 साली सामुएल दिवेकरांनी बांधवलेले शाआर हारहमीम पाहत नाहीत. ठाण्याचे 1879 चे शाआर हाशामाईम पाहत नाहीत. गेटवेवरून बोटीने तासाभरात मांडवा आणि पुढे बसने अलिबाग येते, तिथे इस्राएल आळी आहे, जवळच नवगावला परंपरेप्रमाणे आपल्या सात जोडप्यांचे जहाज फुटले ते ठिकाण आणि जुने कब्रस्तान आहे, आणि खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीचा टापा आहे, ज्याच्या नावाने आपण इथे अजून मलिदा करतो. आपल्या आडनावात पेण, रोहे, किहीम, अष्टमी ही गावे बसली आहेत. कितीकांनी ते 'कर' कापून टाकले. कापले ते कापले. निदान कोणते गाव कापले ते तरी नातवंडांना ठाऊक असावे.

आणि आपण कोणाला घाणेरडे म्हणतो आहोत? 1962 साली या देशाच्या मुख्य रब्बींनी आपल्या लोकांच्या लग्नाआधी आई, आजी आणि त्यामागच्या पिढ्यांची चौकशी करण्याचा हुकूम काढला. तुमचे रक्त शुद्ध का, असे आपल्या वडिलांना विचारले गेले. ते जेरुसलेमला धरणे धरून बसले, आणि 1964 साली क्नेसेटने त्यांची बाजू घेतली. पुढे केलेला हात समोरच्याने झटकला म्हणजे कसे वाटते, हे आपल्या वडिलांइतके कोणाला ठाऊक? ज्या भूमीने शतकानुशतके आपल्याला तेल गाळू दिले, शब्बाथ पाळू दिला, आणि पुढच्या पिढ्यांत पलटणीत नि कचेरीत मान दिला, तिच्या हातचा पेला झटकायला आपणच नातवंडांना शिकवावे?

काही वाचक म्हणतील, तिथे गरिबी आहे, फसवणूक आहे, कचरा आहे. आहे. आम्ही तिथेच शिकलो, आम्हांला कोणी सांगायला नको. स्टेशनवर टॅक्सीवाला दुप्पट पैसे मागेल, तर मागू दे. इथेही आपल्याला काही कमी लुबाडले गेले नाही. पण टॅक्सीवाल्याचा हिशेब काकूंच्या ताटावर मांडू नये, एवढेच आमचे म्हणणे.

असो. आम्ही काकूंना दुसऱ्या दिवशी फोन केला आणि खरे ते सांगितले : पाणी नको म्हणणारी ती नव्हती, तो कागद आमचा होता. काकू हसल्या. म्हणाल्या, "मग आता दुसरा लिही." आमचा नातू सणांनंतर निघतो आहे. त्याच्यासाठी नवा कागद लिहिला आहे. साखर-मिठाचे माप त्यात आहे, कुत्र्याचे आहे, हेल्मेटचे आहे. पण पहिल्या ओळीवर गावाचे नाव आणि काकूंच्या घराचा रस्ता आहे, आणि दुसऱ्या ओळीवर एवढेच : वाढतील ते जेव.

— एक निवृत्त परिचारिका